खालून दुसरी गादी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मशीनमध्ये एक बाई झोपलेल्या होत्या. कंबरदुखीच्याच. एमआरआयच्या खोलीत मोबाईल नेता येत नाही, म्हणून तो काचेच्या अलीकडे माझ्या टेबलावर असतो, आवाज बंद करून. पडद्यावर बाईंच्या कण्याची चित्रं एकेक उमटत होती आणि शेजारी फोन थरथरत होता. भाचीचा होता. "मामा, अप्पा गेलं," एवढंच ती बोलली... मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण बाईंना अजिबात हलू नका म्हणून मीच दटावून आत पाठवलं होतं आणि अजून सात-आठ मिनिटांचं काम उरलं होतं. ते पूर्ण केलं. शेवटी मानेपासून माकडहाडापर्यंतचा कण्याचा लांबडा फोटो घेतला, मणके वरून खाली मोजले, खालून वर मोजले, कागदावर आकडा लिहिला आणि मग खुर्चीवरून उठलो. त्या मोजण्याबद्दलच मला लिहायचं आहे. ते टाळून दाजींबद्दल लिहिणं मला शक्य नाही.

गोष्टीला पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी आपल्याकडे हात जोडून, डोळे मिटून लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही, आणि दाजींनाही ते आवडलं नसतं. ते स्वतः कुणाला सहजासहजी माफ करणाऱ्यांतले नव्हते. मी या पुरवणीत अधूनमधून आरोग्यावर चार शहाणपणाच्या गोष्टी लिहितो, पण हा लेख रागानं लिहितोय. राग एका सर्जनवर आहे, ज्यांनी दाजींची कंबर उघडली आणि भलतीच गादी काढली. त्यांचं नाव लिहिणार नाही. सभ्यपणा म्हणून नव्हे. नाव लिहिलं की मामला वकिलांकडे जातो, आणि वकिलांकडे गेलेल्या मामल्यात कुणालाच लाज वाटत नाही. मला त्यांना लाज वाटायला हवी होती. या रागाचा दुसराही एक धनी आहे, त्याचंही येईलच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. गडमुडशिंगीचे. धंद्यानं गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असतो, पण त्याचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस एकच, तो गुळव्या. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. दाजी त्या वाफाळत्या काहिलीवर वाकून पाक वर उचलायचे, त्यातला थोडा पाण्यात टाकून बोटांत धरून बघायचे आणि "उतरा!" म्हणून ओरडायचे. त्या एका शब्दावर गडी काहील चुलीवरून उतरवायचे. जरा उशीर झाला तर गूळ करपणार, घाई झाली तर चिकट राहणार. दाजींचा गूळ क्वचितच बिघडायचा. दिवाळी झाली की आसपासच्या गावांतून गुऱ्हाळवाले त्यांना न्यायला यायचे, आणि ते लग्नातल्या वरबापासारखे आढेवेढे घेऊन मगच जायचे. तीस वर्षं त्या काहिलीवर कमरेत वाकून काढली. वर अंगात रग एवढी की स्वतःचं काम नसताना गुळाचे मोठे रवे, म्हणजे ढेपा, उचलून थप्पीला लावायचे. अक्का ओरडायची, हे हसायचे.

एका वेळी काहिलीत चढणाऱ्या रसाला आदण म्हणतात. दाजी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांची एक पद्धत होती आणि दाजींनी ती कधी मोडली नाही. आदण बिघडलं तर गुळव्यानं स्वतः जाऊन ऊसवाल्या शेतकऱ्याला सांगायचं, सगळ्यांदेखत, "माझं चुकलं" असं म्हणायचं, आणि मगच दुसरं आदण चढवायचं. ऊस कच्चा होता, जाळ नीट नव्हता, असली सबब काढायची नाही. मी कॉलेजात असताना एकदा गुऱ्हाळावर गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. शेतकरी तोंडाला येईल ते बोलत होता आणि दाजी मान खाली घालून ऐकत उभे होते. त्याचं पुरतं बोलून झाल्यावर यांनी विचारलं, "झालं?" आणि रस सोडायला सांगितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पावणं, घाण तशीच ठिवून वरनं नवा रस सोडला तर त्योबी नासतोय की." मी त्यांच्या बायकोचा भाऊ, वयानं पुष्कळ लहान, तरी मला ते चिडवायला पावणंच म्हणायचे. फारच लाडात आले तर बाळासाब.

जो माणूस स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगतो, तो दुसऱ्याचीही सोडत नाही. दाजींचा डूख गावात प्रसिद्ध होता. गावातल्या न्हाव्यानं एकदा गमतीत म्हटलं, "औंदा तुमचा गूळ काळा आला म्हनं." झालं. पुढची नऊ वर्षं दाजी केस कापायला शेजारच्या गावात जात होते. त्या न्हाव्याच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा पुरणाला गूळ कमी पडला म्हणून कळलं, तर यांनी उत्तमातला उत्तम गूळ घरून पाठवला आणि स्वतः मांडवात जेवायला बसले नाहीत. "गूळ बघू दे त्येला," म्हणाले, "रंग बघू दे." दहाव्या वर्षी तो न्हावी घरी येऊन "चुकलं माझं" म्हणाला, तेव्हा त्याच दिवशी त्याच्यासमोर मान पुढे करून बसले. एवढंच लागायचं त्यांना. एक शब्द. तो मिळाला की मनात काही ठेवायचे नाहीत, आणि नाही मिळाला तर काहीही विसरायचे नाहीत.

कंबर धरली ती अशाच एका हंगामात. आधी अक्कानं तेल लावलं, मग कुणी चोळून दिलं, मग पट्टा आला. गावात ज्याला त्याला "मणक्यात गॅप" असतोच, तसा यांनाही आहे असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. पण दुखणं हळूहळू खाली उतरलं. ढुंगणातून मांडीच्या मागून पोटरीवर आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत. अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी त्यांना आमच्या सेंटरला घेऊन आलो. मी गेली वीस वर्षं हेच काम करतो. लोकांना झोपवायचं, हलू नका म्हणायचं आणि त्यांच्या आतली चित्रं काढायची. एक्स-रेत हाड दिसतं, दोन मणक्यांमधली गादी दिसत नाही. एमआरआयमध्ये ती दिसते. ताजी गादी पांढरीशुभ्र, ओल धरलेली, आणि वाळलेली काळी. कुठली गादी मागे सरकून नसेवर बसली आहे तेही दिसतं. पण चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही आत घातलं तर एखाददुसरी काळी गादी सापडतेच, आणि त्यातले कित्येकजण मजेत हिंडत असतात. म्हणून चित्र आणि पाय जुळले पाहिजेत. पायाचं दुखणं ज्या नसेकडे बोट दाखवतं तीच नस चित्रात दबलेली दिसली तर खरं. दाजींचं अगदी जुळत होतं. गादी स्पष्ट बाहेर आली होती.

आता ते स्कॅनचं सांगतो, जे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. दाजी, ज्यांनी आयुष्य जाळासमोर काढलं, ते त्या बोगद्यात घाबरले. मशीन ठोकायला लागलं तसा त्यांनी हातातला, मला बोलावण्यासाठी दिलेला रबरी फुगा दाबला आणि माईकवर ओरडले, "बाळासाब, भाईर काढ! चुलीत घातल्यावानी वाटतंय!" मी आत गेलो, त्यांचा पाय धरून उभा राहिलो, समजूत घातली. कसंबसं कमरेचं काम झालं. उरला होता तो फक्त लांबडा फोटो, मणके मोजण्यासाठी मानेपासून खालपर्यंत घेतो तो. बहुतेकांना कमरेचे मणके पाच असतात. पण काहीजणांना एक कमी असतो, काहींना एक जास्त, आणि कमरेपुरतं चित्र बघून ते कळेलच असं नसतं. म्हणून वरून मोजत यायचं. त्याला तीन मिनिटं लागतात. दाजी आत कण्हत होते. अजून तीन मिनिटं कुठे छळायचं, असं माझ्या मनात आलं आणि मी त्यांना बाहेर काढलं. दुसरा कुणी असता तर दटावून ठेवला असता, पण हे घरचे होते. रिपोर्ट लिहिणाऱ्या आमच्या वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "लांब फोटो दिसत नाही?" मी म्हणालो, "पेशंट राहत नव्हता, सर." ते "असू दे" म्हणाले. आता ते निवृत्त होऊन मुलाकडे राहतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

दाजींना कमरेचे मणके सहा होते. सगळ्यांत खाली एक अर्धवट गादी होती, धड गादी नाही आणि धड हाड नाही अशी. आमच्या डॉक्टरांनी ती मोजली नाही. ती सोडून तिच्या वरच्या गादीपासून मोजलं आणि खालून दुसरी गादी खराब म्हणून चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली असं लिहिलं. सर्जननी टेबलावर एक्स-रे लावून खालून मोजलं आणि ती अर्धवट गादी पहिली धरली. त्यांची दुसरी निघाली ती चांगली गादी, खराब गादीच्या बरोबर खालची. ती त्यांनी काढली. पाकिटात आमच्या फिल्म होत्या. त्या दिव्यासमोर धरून ऑपरेशनच्या चित्राशी ताडून पाहिल्या असत्या तर कुणालाही कळलं असतं. त्यांनी फक्त वर टाचलेला रिपोर्टचा कागद वाचला. फिल्मच्या पाकिटावरची चिकटपट्टीसुद्धा फोडली नव्हती. हे मला कसं ठाऊक? ती पट्टी मी लावली होती, आणि सहा महिन्यांनी पाकीट परत आलं तेव्हा ती जशीच्या तशी होती.

सहा महिने दाजी त्यांच्याकडे खेपा घालत होते. दुखणं तेच होतं, वर कमरेला टाके. सर्जन आधी म्हणाले, वेळ लागतो. मग म्हणाले, वजन कमी करा. मग म्हणाले, तुमच्या मनानं घेतलंय... गुळव्याच्या मनानं घेतलंय म्हणे! शेवटी मीच पुन्हा स्कॅन केला. या वेळी लांब फोटो आधी घेतला, दाजींना दटावून. पडद्यावर एकेक मणका मोजत खाली आलो आणि सहाव्याशी माझा हात थांबला. त्याच्या वरच्या गादीत ऑपरेशनची खूण होती, आणि तिच्या वर ती जुनी गादी जशी होती तशी नसेवर बसलेली. काचेपलीकडे दाजी टेबलावरून उतरत होते. मी त्यांना खुर्ची दिली आणि पडद्यावर सगळं दाखवलं, डॉक्टरनं कुठे काढायला हवं होतं आणि कुठे काढलं ते. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्या लांबड्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे चित्र पैल्या बारीला काडलं नव्हतंस?"

मी म्हणालो, "तेव्हा आपल्या मशीनला ही सोय नव्हती, दाजी."

त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? मी घरचा होतो.

त्यानंतर दाजींनी जे केलं ते कोल्हापुरात तरी दुसऱ्या कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. दर मंगळवारी ते त्या सर्जनच्या दवाखान्यात जाऊन बसायला लागले. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. बाहेरच्या हॉलमध्ये फिल्मचं पाकीट मांडीवर ठेवून बसायचे आणि शेजारच्या माणसाला विचारायचे, "पावणं, कंबर का? मणकं किती हाईत तुमचं?" तो म्हणायचा, पाचच असतात की. "कुणी सांगिटलं? माजं सहा हाईत. आदी मोजून घ्या. आन् डाक्टरला इचारा, तुमी वरनं मोजताय का खालनं." मग फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरायची, एकेक मणका दाखवायचा. लोक गोळा व्हायचे. आत गेलेला प्रत्येक पेशंट सर्जनना विचारायचा, वरून मोजता की खालून? मी सुट्टी टाकून कितीतरी मंगळवारी त्यांच्याबरोबर जाऊन बसलो आहे, आणि खरं सांगतो, मला मजा वाटायची. काउंटरवरची मुलगी घाबरायची. दाजींना बाहेर बसा म्हटलं तर ते नंबर लावून बसायचे. सर्जन दुसऱ्या दारानं ये-जा करायला लागले, तर दाजी एक मंगळवार त्या दाराशी बसले.

अखेर एकदा सर्जननी आम्हा दोघांना आत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. "तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"चुकलं म्हना," दाजी म्हणाले.

"हे बघा आजोबा, कण्याच्या शस्त्रक्रियेत कुणी गॅरंटी देऊ शकत नाही..."

"गॅरंटी न्हाय मागत. चुकलं म्हना, मी जातो घराकडं. परत तोंड दावनार न्हाय."

"मी पुन्हा ऑपरेशन करून द्यायला तयार आहे. आणखी काय करू?"

"आदी म्हना."

त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. दाजींनी पाकीट काखेत मारलं आणि लंगडत बाहेर आले. मी मिरजेच्या एका चांगल्या सर्जनशी बोलून ठेवलं होतं, ते खराब गादी काढायला तयार होते. दाजी तयार नव्हते. अक्कानं हात जोडले, रडली, महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. एकच उत्तर, "बिघडल्यालं सांगिटल्याबिगार दुसरं आदन चढत न्हाय." आम्ही सगळे त्यांच्या हट्टाला वैतागलो होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. मी त्यांना समजावत होतो की तो माणूस नाही म्हणणार, तुम्ही तुमच्या पायाचं बघा. आणि आतून मला कळत होतं की एकानं तरी तो शब्द उच्चारला असता तर कदाचित दाजी मिरजेला आले असते. तो शब्द कुणाच्या तोंडून हवा हे त्यांनी ठरवलं होतं, कारण मी त्यांना एकच तोंड दाखवलं होतं.

म्हणून मी जास्तच चिडत गेलो. माझ्या परीनं सूड घेत गेलो. त्या सर्जनचा पेशंट आमच्याकडे आला की पाकिटावर तांबड्या शाईनं मोठ्या अक्षरात लिहायचो, "मणके मोजले आहेत. फिल्म पाहावी." त्यांचा आमच्या मालकांना फोन आला, मालक माझ्यावर ओरडले, तरी लिहीत राहिलो, मग त्यांनी पेशंट पाठवणंच बंद केलं. काम करता करता मी एक चित्र मनात रंगवत असे. तासन्‌तास वाकून ऑपरेशन करणाऱ्याची कंबर एक दिवस जातेच. ते माझ्या टेबलावर झोपलेत, बोगद्यात गेलेत, हलता येत नाही, फुगा हातात आहे पण तो वाजतो माझ्याकडे... आणि मी माईकवर सावकाश विचारतोय, डॉक्टर, वरून मोजू की खालून? हे चित्र मी इतक्या वेळा रंगवलं की त्यातल्या त्यांच्या पायातल्या मोज्यांचा रंगही मला ठरलेला होता. लाज वाटत नाही मला याची. दुसऱ्या गोष्टीची वाटते.

नस दबून दाजींचं उजवं पाऊल लुळं पडत गेलं. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि त्यांना कळायचं नाही. दसऱ्याच्या आसपास अंगणातल्या नळापाशी पाऊल अडकून पडले, खुबा मोडला, आणि मग अंथरूण. छातीत कफ भरला. शेवटची भेट झाली ती वॉर्डात. आवाज गेला होता, खुणेनं मला जवळ बोलावलं. "त्यो बोलला का?" मी नाही म्हणालो. "तू सोडू नगंस." नाही सोडणार, म्हणालो. त्यांनी माझा हात धरून ठेवला. तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. मी बोलू शकलो असतो... वाक्य दोन शब्दांचं होतं. मी त्यांच्या उशीची खोळ सारखी केली आणि डबा आणायला म्हणून खाली गेलो.

रक्षाविसर्जन झालं, उत्तरकार्य झालं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वेळच्या फिल्म घेऊन सर्जनकडे निघालो. अक्का म्हणाली, मीबी येते. रस्ताभर मी मनात वाक्यं घासत होतो. ती सगळी इथे छापण्यासारखी नाहीत. मंगळवार नव्हता, हॉल जवळजवळ रिकामा होता. आम्हाला लगेच आत घेतलं. मी फिल्म त्यांच्या दिव्याच्या पेटीवर लावल्या, पहिल्या डावीकडे, दुसऱ्या उजवीकडे, आणि म्हणालो, "पेशंट गेला. कोर्टबिर्ट काही नाही. फक्त मोजा." ते उठले. चष्मा लावला. बोटानं वरून मोजत खाली आले, मग खालून वर गेले. पुन्हा एकदा केलं. मग ते अक्काकडे वळून म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मी फिल्म बघायला हवी होती."

एवढ्या सहज! दाजी दोन वर्षं ज्यासाठी बसले तो शब्द चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात आला. ऐकायला माणूस उरला नाही तेव्हा आला. त्या माणसाचा मला इतका राग कधीच आला नव्हता जितका त्या क्षणी आला. मी तोंड उघडणार एवढ्यात ते डावीकडच्या फिल्मकडे बोट करून म्हणाले, "पण पहिल्या वेळी पूर्ण कण्याचा फोटो का नाही? तुमच्या सेंटरमध्ये तर पहिल्यापासून घेतात. तो असता तर रिपोर्टमध्येच सहा मणके आले असते, आणि मी रिपोर्ट वाचला होता. हा स्कॅन कुणी केला होता?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. अक्का माझ्याकडे बघत होती.

"मी," म्हणालो.

परत येताना रिक्षात फिल्मचं पाकीट अक्कानं स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं. दारात उतरल्यावर मी तिच्यामागून आत जायला निघालो तशी ती वळली.

"त्येंला म्हाईत हुतं, बाळ्या?"

"नाही."

"तुला कवापासनं म्हाईत हुतं?"

"दुसऱ्या फोटोच्या दिवसापासून."

"दोन वरसं त्यो मानूस लंगडत त्या दवाखान्यात जाऊन बसत हुता. आन् तू शेजारी पान्याची बाटली धरून बसत हुतास." तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "त्या डाक्टरच्या नावानं लई बोटं मोडलीस. मीबी मोडली तुज्याबरोबर. आता तू पेपरात लिवतोस न्हवं? लिव हे. त्येचं नाव लिवू नगं, तुजं लिव. तवर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाय."

माझं नाव या लेखावर छापलेलं आहे. सर्जनवरचा राग कमी झाला का, असं कुणी विचारेल. नाही झाला. फिल्म न उघडता माणूस उघडणाऱ्यावरचा राग कमी होऊ नये असंच मला वाटतं. फक्त त्या रागाच्या आड जो उभा होता तो आता पुढे आला आहे. मी प्रेमानं चुकलो होतो, तीन मिनिटांची चूक. ती तेव्हा सांगितली असती तर दाजींनी मला चार शिव्या घातल्या असत्या, "झालं" म्हणाले असते आणि मिरजेच्या गाडीत बसले असते. खोटं बोललो ते मात्र प्रेमानं नव्हे. ते माझं मला वाचवायला.

हे लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी मी कागद घेऊन गडमुडशिंगीला गेलो. संध्याकाळ होत होती. अक्का कट्ट्यावर बसली होती, मी खाली अंगणात उभा राहिलो. भाचीनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. न्हाव्याच्या गोष्टीला अक्का जराशी हसली, वॉर्डाच्या गोष्टीला तिनं पदर तोंडाशी नेला. उघड्या दारातून मला आतली खिडकीजवळची बाज दिसत होती. गादी सोसत नाही म्हणून दाजींनी तिच्यावर फळी टाकून घेतली होती, ती फळी अजून काढलेली नव्हती. वाचून संपलं. लिहिलंय ते तोंडानं म्हणायला हवं असं मला वाटलं आणि मी म्हणालो, "अक्का, माझं चुकलं."

तिनं भाचीच्या हातून कागद घेतले, नीट घडी केली आणि मला परत दिले.

"मला का म्हनतोस?" ती म्हणाली, आणि दिवा लावायला आत गेली.